द्यूत, मटका आणि मोबाइल : वरूड-रिद्धपूर परिसरातील खेळाच्या व्यसनाचा इतिहास

खेळाचे व्यसन मोबाइलबरोबर खेड्यात शिरले, असे आज सर्रास मानले जाते. परंतु अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचे वरूड आणि त्याला लागून असलेला मोर्शी तालुका यांचा इतिहास पाहिला, तर खेळात बुडालेल्या माणसाची नोंद या भागात सुमारे साडेसातशे वर्षांपासून लिखित स्वरूपात आढळते. ब्रिटिश काळात वरूड हे मोर्शी तालुक्यातीलच गाव होते, आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरणारा हा पट्टा भाषेने, बाजाराने व यात्रांनी आजही एकमेकांशी बांधलेला आहे. या पट्ट्याने फाशांचे द्यूत, आकड्यांचा मटका आणि पडद्यावरचे व्हिडिओ गेम अशी खेळाची तीन पर्वे पाहिली. जुन्या परंपरेने खेळाच्या आसक्तीचे मूळ मनाच्या विकारांत शोधले, एकोणिसाव्या शतकातील कायद्याने तोच प्रश्न पैसा आणि जागा यांच्यापुरता आवळून घेतला, आणि आधुनिक मानसशास्त्र गेल्या काही दशकांत पुन्हा मनाकडे वळले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. मधल्या दीडशे वर्षांची सवय मात्र अजून सुटलेली नाही, आणि वरूडमधील एखाद्या मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेतला जातो तेव्हा त्या कृतीमागे हीच सवय असते.

येथे दोन संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. व्हिडिओ गेम खेळण्यावरचा ताबा सुटणे, झोप, अभ्यास, काम आणि नाती यांच्यापेक्षा खेळ वरचढ ठरणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, या अवस्थेला ‘समस्यात्मक गेमिंग’ म्हटले जाते. केवळ पुष्कळ वेळ खेळणे म्हणजे ही अवस्था नव्हे. ‘भावनियमन’ म्हणजे राग, दुःख, भीती, कंटाळा, लाज किंवा आनंद यांची तीव्रता, त्यांचा काळ आणि त्यांचे प्रकटीकरण माणूस ज्या मार्गांनी सांभाळतो, त्या सर्व मार्गांचा समुच्चय. प्रत्येक समाज आपल्या माणसांना हे मार्ग शिकवीत असतो, कधी कीर्तनातून, कधी आखाड्यातून, कधी रडण्याची मुभा देऊन आणि कधी ती नाकारून. म्हणून खेळाच्या व्यसनाचा इतिहास हा भावना सांभाळण्याच्या रीतींचाही इतिहास ठरतो.

या इतिहासाचा आरंभ आख्यानापासून करावा लागतो. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानाची नायिका दमयंती ही विदर्भाच्या भीम राजाची कन्या, आणि तिच्या पित्याचे कुंडिनपूर म्हणजेच तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी असलेले कौंडण्यपूर, अशी दृढ परंपरा आहे. मोर्शीजवळ सिंभोरा येथे याच नदीवर बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाच्या जलाशयाला नल-दमयंती सागर हे नाव दिलेले आहे. या आख्यानात नल राजा भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळत महिनोन्‌महिने हरत राहतो, प्रजाजन आणि मंत्री दाराशी येऊन थांबले तरी त्यांच्याकडे पाहत नाही, आणि अखेर दमयंतीला आपली दोन्ही मुले सारथ्याबरोबर माहेरी कुंडिनपुरास पाठवावी लागतात. आख्यानकाराने नलाला दुष्ट ठरवलेले नाही. कली त्याच्या शरीरात शिरला आहे, असे तो सांगतो, म्हणजे माणूस आणि त्याला झपाटणारी शक्ती यांत भेद करतो. आणि नलाची सुटका कोणा रक्षकाच्या हातून होत नाही, तर ऋतुपर्ण राजाकडून ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांचे गूढ शिकल्यावर कली त्याच्या देहातून बाहेर पडतो आणि बेहड्याच्या झाडात शिरतो. प्राचीन काळी फासे म्हणून ज्या फळांचा वापर होई तो हा बेहडा आजही सातपुड्याच्या रानात उगवतो. हे आख्यान बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात, द्यूतात सर्वस्व हरल्यामुळे आपल्याइतका दुःखी कोणीच नाही असे तो म्हणतो तेव्हा. हरलेल्या माणसाला त्याच्यासारख्याच दुसऱ्या हरलेल्याची कथा ऐकवून त्याची लाज हलकी करावी, ही कल्पना त्या काळी रुजलेली होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शास्त्रग्रंथांनी हीच समज वर्गीकरणात बांधली. मनुस्मृतीने राजाच्या व्यसनांचे कामातून उपजणारी दहा आणि क्रोधातून उपजणारी आठ असे दोन गट पाडले, द्यूताचा समावेश कामज गटात केला आणि दोन्ही गटांचे मूळ लोभात दाखवले. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने तर द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमायला सांगितले, खेळ ठरलेल्या जागी चालावा आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच इतका भाग राज्याने घ्यावा अशी तरतूद केली, आणि दुसऱ्या एका अधिकरणात मृगया, द्यूत, स्त्री व मद्य यांतील कोणते व्यसन अधिक घातक याची चर्चा केली. व्यसनांचे वर्गीकरण वस्तूवरून न करता ती ज्या भावातून जन्मतात त्यावरून करणे, ही या ग्रंथांची मोठी देणगी आहे, आणि तिची पुरेशी दखल आजच्या व्यसनविषयक मराठी लेखनात घेतली जात नाही.

तथापि, वरूडच्या परिसराशी या विषयाचे सर्वांत जवळचे नाते जोडले जाते ते रिद्धपुरामुळे. मोर्शी तालुक्यातील हे गाव महानुभाव पंथाची काशी मानले जाते, आणि येथेच म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतील या आद्य गद्य चरित्रग्रंथाच्या भूमीत २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या पूर्वायुष्याचा जो वृत्तान्त या ग्रंथाच्या ‘एकांक’ या भागात येतो, त्यात गुर्जर देशाच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव, म्हणजेच पुढचे चक्रधर, द्यूताचा शौकीन असल्याचे सांगितले आहे. एकदा तो मोठी रक्कम हरतो, देणे भागवण्यासाठी पत्नी कमळाइसा हिच्याकडे अलंकार मागतो, ती ते देत नाही, आणि या नकाराने त्याचे मन संसारातून विटते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो, वाटेत लवाजमा मागे टाकतो आणि रिद्धपुरात येऊन, पुढे ज्यांना गुरू मानले त्या श्रीगोविंदप्रभूंच्या दर्शनाने त्याच्या आयुष्याला नवे वळण लागते. पुढे सालबर्डीच्या डोंगरात, म्हणजे वरूड-मोर्शीच्या उत्तर सीमेवरच, चक्रधरांनी एकांतात बारा वर्षे घालवली असे परंपरा सांगते.

पंथाच्या दृष्टीने हे सर्व ईश्वरी अवताराने केलेल्या लीळांपैकी आहे, आणि त्याचा अर्थ भक्तीच्या चौकटीतच पूर्ण होतो. इतिहासाचा अभ्यासक मात्र या वृत्तान्तातून तेराव्या शतकातील समाजाला द्यूताविषयी काय ठाऊक होते, ते शोधू शकतो. त्या दृष्टीने तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. द्यूत हे प्रतिष्ठित घरातले व्यसन होते, त्याचा पहिला आघात घरातल्या स्त्रीच्या दागिन्यांवर होई, आणि हरण्यापेक्षा हरल्यानंतरचा अपमान माणसाला अधिक खोल जखम करी. हरिपाळदेवाच्या वृत्तान्ताचे सगळे वजन या तिसऱ्या गोष्टीवर आहे. सामान्य जुगारी हरल्यावर उठलेली लाज आणि चीड शमवण्यासाठी पुन्हा डावाकडेच धावतो, कारण त्या क्षणी दुसरा कोणताही मार्ग त्याला दिसत नाही. येथे मात्र तोच भाव माणसाला डावापासून दूर नेतो, प्रवासाला प्रवृत्त करतो आणि एका माणसापाशी आणून पोहोचवतो. चक्रधरांनी पुढे आपल्या अनुयायांना जी दिनचर्या घालून दिली तिच्यात अटन म्हणजे सतत फिरणे, विजन म्हणजे एकांतात राहणे, भिक्षाभोजन आणि नामस्मरण यांना स्थान होते, आणि पंथाच्या आचारधर्मात द्यूतासह सप्त व्यसनांचा त्याग अपेक्षित आहे. या आचाराचे प्रयोजन मोक्ष हे होते, उपचार हे नव्हे, आणि त्याला आजच्या मानसोपचाराचे पूर्वरूप ठरवणे हा त्या परंपरेवर अन्याय ठरेल. एवढे मात्र खरे की, त्याग सांगताना दिवसाचे रिकामे तास कशाने भरावेत हेही या परंपरेने सांगितले, आणि नुसत्या मनाईवर ती थांबली नाही.

रिद्धपुरानेच खेळाचे दुसरे रूपही जपले आहे. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ यांचे चरित्रही म्हाइंभटांनीच लिहिले, आणि त्यात दिसणारे राऊळ गावाच्या रस्त्यांतून फिरतात, मुलांमध्ये रमतात, देवळात, बाजारात, लोकांच्या घरांत मुक्तपणे वावरतात, क्षणात रुसतात आणि क्षणात हसतात. या चरित्राचे इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना रिद्धपूर माहीत झाले ते या क्रीडाशील ईश्वराचे गाव म्हणून. एकाच गावाच्या स्मृतीत बांधणारा खेळ आणि मोकळा करणारा खेळ असे दोन्ही नांदतात. खेळ वाईट, असा निष्कर्ष या परंपरेने कधीच काढला नाही, आणि आजच्या चर्चेत हा विवेक सर्वाधिक हरवलेला आहे.

मधली काही शतके ओलांडून पुढे आले की चित्र बदलते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवीने येथील कापसाला जगाच्या बाजारात अचानक भाव आला, आणि तो भाव ओसरल्यावर शेतकऱ्याच्या घरातील सुखदुःख दूरच्या बाजारातील दरांशी कायमचे बांधले गेले. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. शेतमालाच्या बाजार समित्यांचा भारतातील इतिहास येथूनच सुरू होतो. ज्या प्रदेशात वर्षभराची मेहनत एका दिवसाच्या दरावर ठरते, तेथे अनिश्चिततेशी जगण्याची सवय शेतीच लावते. सट्टा ही तिचीच वेगळी शाखा म्हणावी लागेल.

याच काळात जुगाराचा विचार फौजदारी कायद्याच्या हाती गेला. उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांसाठी आणि मध्य प्रांतासाठी १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आला, मुंबई इलाख्यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आला, आणि १८९० मध्ये पावसावर लावल्या जाणाऱ्या पैजाही मुंबईच्या कायद्याच्या कक्षेत घेतल्या गेल्या. वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतर मुंबईचाच कायदा येथेही चालू लागला, आणि त्यातील सार्वजनिक जागी जुगार खेळण्याविषयीचे कलम १२ आज वऱ्हाडातील वर्तमानपत्रांच्या वाचकांना तोंडपाठ आहे. या कायद्याला जुगाराचा अड्डा कोठे आहे, साधने कोणती सापडली, डावावर किती रक्कम होती आणि खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हे प्रश्न पडतात. खेळणारा का खेळतो, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. कायद्याचे काम पाहता यात गैर काही नाही, परंतु दुसरी कोणतीही संस्था तो प्रश्न विचारण्यासाठी उभी न राहिल्यामुळे पोलीस ठाण्याची दृष्टी हीच हळूहळू समाजाची दृष्टी झाली.

मटक्याचा प्रसार या दृष्टीच्या मर्यादा दाखवतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या दरांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. १९६१ च्या सुमारास ती सोय बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढण्यास सुरुवात केली, आणि ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे कापसाच्या बाजारातील शब्द चिठ्ठ्यांच्या खेळात उरले. कापसामुळे जन्मलेला हा खेळ कापसाच्याच प्रदेशात वरली मटका म्हणून पसरला, आणि सट्टापट्टी लिहून देणारा माणूस तालुक्याच्या गावांत बाजाराइतकाच परिचयाचा झाला. मटक्याची खरी पकड रकमेत नव्हती, कारण अगदी थोड्या पैशांतही आकडा लावता येई; ती होती ओपन आणि क्लोज यांच्यामधल्या तासांत. त्या तासांत मजुराच्या दिवसाला एक आशा मिळे, स्वप्नातून आकडा काढण्याची, त्यावर चर्चा करण्याची, वाट पाहण्याची एक गुंतवण मिळे, आणि घरची चिंता तेवढा वेळ मागे पडे. हे हेरल्याशिवाय वारंवार धाडी पडूनही मटका का टिकला, याचे उत्तर सापडत नाही.

पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीत ताशपत्त्यांचा डाव बसणे ही विदर्भातील जुनी रीत आहे, आणि सणापुरता तो डाव घरच्या मोठ्यांनीही चालवून घेतलेला असतो. काळाची मर्यादा हेच तेथे नियमन असते, कारण सण सरला की डाव मोडतो आणि पेरणीनंतरची कामे माणसाला ओढून नेतात. याच्या अगदी विरुद्ध वाटेने अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ गेले. अनंतराव आणि अंबादासपंत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापलेल्या या संस्थेने मल्लखांब, कुस्ती, हुतुतू यांना शिस्तीची जोड दिली, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, आणि तरुणांचा जोश, स्पर्धा व पराभव यांना शरीराच्या वाटेने मार्ग करून दिला. आखाड्यात हरलेला पोरगा घामाघूम होऊन घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. मधल्या रात्रीत पराभव पचवणे तो नकळत शिकलेला असतो.

व्हिडिओ गेम या भूमीत आला तो दोन टप्प्यांत. १९८० आणि १९९० च्या दशकांत तालुक्याच्या गावांत टीव्हीला जोडायचे कॅसेटचे खेळ आणि नाणे टाकून खेळायचे पार्लर आले, आणि कायद्याने त्यांनाही जुन्याच कसोटीवर तोलले. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेम पार्लरना परवाना बंधनकारक करणे वैध ठरवले, आणि त्या चर्चेचा केंद्रबिंदू यंत्र नशिबाचे की कौशल्याचे हाच राहिला. त्याआधी ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये १९८१ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळावर नियंत्रण आणणारे विधेयक मांडले गेले होते आणि ११४ विरुद्ध ९४ मतांनी ते फेटाळले गेले होते. म्हणजे ही चिंता फक्त भारताची नव्हती. दुसरा टप्पा २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओच्या स्वस्त इंटरनेटने सुरू झाला. मार्च २०१८ मध्ये आलेला पबजी मोबाइल, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर आलेली बंदी, जुलै २०२१ मध्ये नव्या नावाने झालेले त्याचे पुनरागमन, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर आलेली बंदी आणि तरीही चालू राहिलेला फ्री फायर मॅक्स, हा क्रम वऱ्हाडातील पोट्ट्यांना पाठ्यपुस्तकातील सनावळीपेक्षा चांगला ठाऊक आहे.

या खेळांची घडण समजून घेतल्याशिवाय भावनियमनाशी त्यांचा संबंध कळत नाही. पबजीच्या मुख्य डावात एका बेटावर १०० खेळाडू उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकुंचन पावत जाते आणि शेवटी एकच खेळाडू किंवा एकच चमू उरतो. डाव मध्येच थांबवता येत नाही, आणि जेवायला हाक आली म्हणून उठणारा मुलगा आपल्या साथीदारांना अडचणीत टाकून उठतो. हरल्यावर पुढचा डाव क्षणार्धात सुरू होत असल्यामुळे आखाड्यातील मधली रात्र येथे उरत नाही, आणि हरल्याची चीड नव्या डावाच्या उत्कंठेत बुडून जाते. बक्षीस केव्हा मिळेल हे सांगता येत नसेल, तर प्राणी अधिक चिवटपणे प्रयत्न करत राहतात, हे बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवले होते, आणि अनपेक्षित बक्षिसांची तीच रचना या खेळांत ठायी ठायी वापरलेली असते. लास वेगासमधील जुगारयंत्रांचा अभ्यास करून २०१२ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या नताशा डाउ शुल या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने तर असे नोंदवले की, यंत्रापुढे बसलेली अनेक माणसे जिंकण्यासाठी खेळत नाहीत, तर जेथे वेळ, पैसा आणि चिंता सगळ्यांचाच विसर पडतो त्या अवस्थेत टिकून राहण्यासाठी खेळतात.

मानसशास्त्राने या निरीक्षणाला सिद्धान्ताचा आधार दिला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार माणूस भावनेला पाच ठिकाणी वळवू शकतो : प्रसंग निवडताना, प्रसंगात बदल करताना, लक्ष दुसरीकडे नेताना, प्रसंगाचा अर्थ नव्याने लावताना आणि शेवटी उमटलेली प्रतिक्रिया आवरताना. व्हिडिओ गेम यांतील तिसऱ्या मार्गाचे, म्हणजे लक्ष वळवण्याचे, अतिशय प्रभावी साधन आहे. ते पटकन गुण देते. परंतु ज्या गोष्टीने मन दुखावले ती गोष्ट जागच्या जागी राहते, अर्थ नव्याने लावण्याचे कसब वापराअभावी दुबळे होते, आणि दर वेळी एकाच वाटेने जाणाऱ्या मनाला दुसऱ्या वाटा सापडेनाशा होतात. डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर यांनी २०१४ मध्ये मांडलेला भरपाईचा सिद्धान्त हेच दुसऱ्या अंगाने सांगतो : प्रत्यक्ष जीवनात जे मिळत नाही, मैत्री, मान, यश किंवा ताबा, त्याची भरपाई माणूस पडद्यावर करतो, आणि म्हणून आधी ती उणीव शोधावी. आपल्याला नेमके काय वाटते हे ओळखता व शब्दांत सांगता न येणे, या अवस्थेला पीटर सिफ्निऑस यांनी १९७० च्या दशकात ‘अलेक्सिथायमिया’ असे नाव दिले, आणि अनेक पाहण्यांत या अवस्थेचा समस्यात्मक गेमिंगशी संबंध आढळला आहे. यांतील बहुतेक पाहण्या एकाच वेळी केलेल्या असल्यामुळे अस्वस्थ मन खेळाकडे ढकलते की अतिखेळ मन अस्वस्थ करतो, याचा निर्वाळा त्यांतून मिळत नाही. दोन्ही प्रवाह एकमेकांना पोसतात, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

येथे निदानाच्या निकषांतील एक फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाचव्या निदानपुस्तिकेत, आणखी संशोधनाची गरज असलेली अवस्था म्हणून गेमिंगचे नऊ निकष दिले, आणि त्यांत असहायता, अपराधभाव किंवा चिंता यांपासून सुटण्यासाठी खेळणे हा एक निकष होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात मात्र हा निकष नाही. ताबा सुटणे, खेळाला वाढते प्राधान्य मिळणे आणि नुकसान होऊनही खेळत राहणे या तीन खुणा, साधारणतः बारा महिने टिकलेल्या, एवढेच तेथे पाहिले जाते. मन हलके करण्यासाठी खेळणे हे निरोगी माणसांतही सर्रास आढळते, त्यामुळे त्यावरून आजार ठरवता येत नाही. हा निर्णय योग्यच आहे. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, घरात राहून खेळावे आणि खेळातून एकमेकांशी जोडलेले राहावे असे सांगणाऱ्या गेम कंपन्यांच्या मोहिमेला याच जागतिक संघटनेच्या एका राजदूताने जाहीर पाठिंबा दिला होता, आणि त्यात विसंगती नव्हती. खेळाने मन हलके होते. ते हलके करण्याची दुसरी कोणतीही वाट शिल्लक राहत नाही, तेव्हा आजाराची शक्यता सुरू होते.

अमरावतीत टाळेबंदीचा प्रसंग दोनदा आला, कारण देशव्यापी टाळेबंदीनंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती शहर आणि अचलपूर येथे पुन्हा स्वतंत्र टाळेबंदी लागली. शाळा मोबाइलवर आल्यामुळे, ज्या घरांनी मुलांपासून मोबाइल दूर ठेवला होता त्यांनीही तो त्यांच्या हाती दिला, आणि मैदान, आखाडा, मंदिर, वर्गमित्र हे भावना सांभाळण्याचे सगळे जुने मार्ग एकाच वेळी बंद झाले. वरूडसारख्या संत्र्याच्या तालुक्यात घरातील मोठ्यांच्या चिंतेचाही यात वाटा असतो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडून ताण द्यावा लागतो, पावसाळ्याच्या अखेरीस फळगळ झाली तर वर्षाचे गणित कोसळते, भूजल अतिउपशाने खोल गेलेले आहे, आणि बाग उभ्या फळावर व्यापाऱ्याला ठोक विकताना भाव कमी पडला तर त्याविषयी घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही. बाप गप्प असतो, आई जपून बोलते, आणि मुलगा कानांत इयरफोन घालून कोपऱ्यात बसतो. तिघेही एकाच ताणापासून आपापल्या परीने दूर जात असतात, आणि व्यसन म्हणून बोट मात्र एकाकडेच दाखवले जाते.

या ताणावर बाहेरून उत्तर देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमरावतीच्या परिसरात झालेला आहे. ‘विश्राम’ हा विदर्भातील ग्रामीण मानसिक आरोग्याचा कार्यक्रम गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या साहाय्याने चालवला गेला, आणि ३० खेड्यांतील त्याच्या परिणामांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत मिळवणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे त्यात आढळले. हा कार्यक्रम नैराश्यासाठी होता, गेमिंगसाठी नव्हे; परंतु शेजारच्या माणसाने शिकून घेतलेले ऐकण्याचे कसब खेड्यात कामाला येते, हे त्याने आकड्यांनी सिद्ध केले. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून आणि तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी बंगळूरच्या निम्हान्सचे विशेष केंद्र २०१४ पासून काम करीत आहे, पण ही दोन्ही ठिकाणे वरूडहून दूर आहेत.

राज्यसंस्थांचा कल अजूनही मनाईकडे आणि घड्याळाकडे आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले आणि दहा वर्षांनी तो नियम मागे घेतला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना आठवड्याला तीन तासांची मर्यादा घातली. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, नशिबाचे असोत वा कौशल्याचे, बंदी आणली. रमीच्या ॲपवर पगार आणि पीककर्ज उडवणाऱ्या घरांना या कायद्याने दिलासा मिळू शकतो, आणि तो मिळायला हवा. परंतु ज्या मुलाने एक रुपयाही न लावता झोप, शाळा आणि मित्र गमावले, त्याच्यासाठी या कायद्यात फारसे काही नाही, कारण १८६७ पासून चालत आलेली पैशाची कसोटीच त्याच्याही मुळाशी आहे.

अशा मुलाला समुपदेशक लागतो, आणि तो वरूडच्या शाळा-महाविद्यालयांत नेमणे ही शिक्षणसंस्थांची, पालकांची व लोकप्रतिनिधींची जबाबदारी आहे. मोबाइल काढून घेण्यापूर्वी तो मुलगा कोणत्या गोष्टीपासून पळतो आहे, हे त्याला विचारणारे निदान एक मोठे माणूस प्रत्येक शाळेत असावे, आणि हरल्यानंतर पुन्हा उभे राहायला शिकवणारी मैदाने तालुक्याने पुन्हा चालती करावीत. तोपर्यंत केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत उपलब्ध आहे.